कळसूबाईवर तुम्ही नापास झाला नाहीत

प्रिय ताई,
मी 57 वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. इंदूरच्या राजेंद्रनगरला राहते. रोज सकाळी रीजनल पार्कात तासाभरात 5 किलोमीटर चालते, त्यात खंड नाही. गेल्या श्रावणात पुण्याच्या भाच्याने कळसूबाईला नेलं. "सोपी आहे मावशी, शाळेची मुलंसुद्धा जातात," म्हणाला. चढायला पाच तास लागले. दुसऱ्या शिडीवर मी थिजले, मागे रांग खोळंबली, आणि सगळ्यांसमोर मला रडू आलं. उतरताना गुडघे लटपटले. पुढे चार दिवस घराचा जिना उतरवेना. आता भिशीतल्या मैत्रिणींनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक ठरवलाय. जाहिरातीत "सोपा ते मध्यम, नवशिक्यांसाठी उत्तम" असं लिहिलंय. लेक-जावई झुरिकला असतात, ते जूनमध्ये बोलावतायत. जावई म्हणतात, "आई, टी-टूच्या वाटा निवडतो, आरामात जमेल." आमचे हे 61 वर्षांचे, त्यांना बीपीची गोळी आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेलिकॉप्टरने केदारनाथला जाऊन तिथे मुक्काम केला, तेव्हा यांचं रात्रभर डोकं दुखलं, उलटीही झाली. मला एवढंच सांगा, मी नेमकी कोणत्या पातळीची? की आता पार्कातच फिरावं?
– राजेंद्रनगरची एक वाचक

ताई, तुमचं पत्र गणपतीत आलं. घरचं विसर्जन झाल्यावर निवांत बसून पुन्हा वाचलं. शेवटचा प्रश्न मनाला लागला, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे.

तुम्ही शिक्षिका, तेव्हा शाळेतलंच उदाहरण घेऊ. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात विषयवार गुण न देता नुसतं "बरा" असं लिहिलं, तर पालकांना काय कळेल? गणितात कच्चा आणि भाषेत हुशार असलेला मुलगाही "बरा", आणि नेमकं उलट असलेलाही "बरा". ट्रेकच्या जाहिरातीतले "सोपा", "मध्यम", "कठीण" हे तसेच शेरे आहेत. विषय किती आणि कशात किती गुण, ते त्यात सांगितलेलं नसतं. शिवाय आपल्या देशात हा शेरा लिहिण्याची सगळ्यांनी मानलेली एकच पद्धत नाही. प्रत्येक आयोजक आपल्या अनुभवाने आणि आपल्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघून लिहितो. पंचविशीतल्या मुलांच्या तुकड्या नेणाऱ्याचा "मध्यम" आणि कुटुंबं नेणाऱ्याचा "मध्यम" यांत डोंगराएवढा फरक पडू शकतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

सह्याद्रीतलीच दोन नावं घ्या. हरिहर गडाची चढाई फार लांबलचक नाही, पण वरच्या टप्प्यातल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. खोबणीत बोटं रोवून चढावं लागतं आणि पाठीमागे दरी मोकळी असते. लोणावळ्याहून राजमाचीची वाट पंधराएक किलोमीटरची, बरीचशी सपाट, भीती वाटावी असं तिच्यात काही नाही, फक्त संपता संपत नाही. या दोन्हींना कुणी "मध्यम" म्हटलं तर त्याच्याशी मी भांडणार नाही. पण रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या तुमच्यासारखीला राजमाची जमेल आणि हरिहरच्या पायऱ्यांवर पाय गोठतील, तर ज्याला उंचीची भीती नाही पण चालायची सवय नाही अशा मुलाचं उलट होईल.

स्पेनमध्ये यावर एक चांगला तोडगा काढलाय. तिथे डोंगरातल्या वाटांना मिडे नावाच्या पद्धतीने एक गुण न देता चार गुण देतात, प्रत्येकी 1 ते 5. परिसर किती धोक्याचा, वाट सापडायला किती अवघड, पायाखालची जमीन कशी, आणि श्रम किती, हे चारही वेगवेगळे. एखाद्या वाटेला श्रमात 4 आणि जमिनीत 1 मिळाला, की वाचणाऱ्याला लगेच कळतं: दमायला होईल, पण पाय सटकणार नाही. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे ती नाही, म्हणून ते चार प्रश्न आपणच विचारायचे. हिमालयात जायचं असेल तर त्यांत पाचवा घालायचा, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा.

आता तुमची कळसूबाई या नजरेने पाहू. शिखर 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. बारी गावातून वर जायला सहा-साडेसहा किलोमीटर चाल आणि साधारण साडेआठशे मीटर चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये वेळेचा एक साधा हिशेब मांडला होता, तो आजही जगभर वापरतात: सपाटीवर ताशी 5 किलोमीटर धरा आणि दर 600 मीटर चढाला एक तास वाढवा. तुमचा पार्कातला वेग नेमका तोच आहे, हे लक्षात आलं का? त्या हिशेबाने कळसूबाईला अडीच-पावणेतीन तास लागावेत. पण नेस्मिथच्या हिशेबात विसावा नाही, पाऊस नाही, आणि शिडीपाशी खोळंबलेली श्रावणातली रांगही नाही. आपल्या वयाला, आपल्या सवयीला त्यात निम्मी भर घातली की चार तास होतात. रांगेसकट तुम्हाला पाच लागले. म्हणजे श्रमाच्या विषयात तुम्ही व्यवस्थित पास आहात.

अडलं ते दुसरीकडे. ओल्या लोखंडी शिडीवर, खाली दरी दिसत असताना, मागून घाई होत असताना पाय थिजणं हा दमसासाचा प्रश्नच नव्हे. तुमच्या भाच्याच्या मनात फक्त अंतर आणि चढ होता. शिडी त्याने कधी मोजलीच नसणार, कारण त्याला ती जाणवतच नाही. "सोपी आहे" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःला न जाणवलेल्या गोष्टी सोडून देऊन बोलत असतो. हे माझ्याही हातून घडलंय. पचमढीला चौरागडावर मी आमच्या थोरल्या वहिनींना "पायऱ्याच तर आहेत, सोपं आहे" म्हणत घेऊन गेले. हजारावर पायऱ्या त्या हळूहळू पण हसत चढल्या, महादेवाला त्रिशूळ वाहिला, फोटो काढले. उतरताना निम्म्यात त्यांचा गुडघा असा धरला की दोघा अनोळखी यात्रेकरूंनी हात दिला तेव्हा कुठे आम्ही खाली पोचलो. दर पायरीला त्या डोळे मिटून घेत होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. चढाची चौकशी मी केली होती, उताराची नव्हती.

म्हणून उताराबद्दल जरा थांबून बोलते, कारण चार दिवस जिना उतरवेना हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. चढताना दम लागतो, छाती धपापते, म्हणून आपल्याला तोच खरा कस वाटतो. उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं सगळं वजन पेलून ब्रेक लावत असतो. ज्या स्नायूला या कामाची सवय नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असाच ठणकतो. पार्कात पाच वर्षं रोज चाललात तरी ही सवय होत नाही, कारण पार्क सपाट आहे. आपलं सगळं इंदूरच तसं, माळव्याच्या पठारावर बसलेलं. चढ-उतार मुद्दाम शोधावे लागतात.

तर ते शोधा. घराच्या आसपास एखादी उंच इमारत आणि ओळखीचा वॉचमन असेल तर उत्तमच. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर शंभर मजले म्हणजे तीनशे मीटर चढ. आकडा ऐकून दचकू नका, एका दिवसात करायचा नाहीये. आठवड्यातून तीनदा, पहिल्या आठवड्यात दहा मजले, मग हळूहळू वाढवत तीस-चाळीस. आणि लिफ्टने खाली येऊ नका. उतरणं हाच अभ्यास आहे: सावकाश, गुडघा किंचित वाकवून, आवाज न करता पाऊल टेकवत. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली तर मात्र थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्नायूचं ठणकणं आणि सांध्याचं दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी रालामंडलला शिकारगाहपर्यंत जाऊन या, नाहीतर जानापावला. जानापावच्या मंदिरापर्यंत गाडी जाते हे खरं, पण गाडी पायथ्याशीच ठेवा. दोन काठ्या आत्ताच घ्या, एक नको. उतरताना गुडघ्यांवरचा भार त्या हातांवर घेतात, पण वापरायची सवय आधी व्हावी लागते. महिन्याभराने पाठीवर चार-पाच किलोची पिशवी चढवा.

आपला वेग बरोबर आहे का, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चढताना बरोबरच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. एवढंच.

आता यजमानांबद्दल. हा भाग त्यांनाही वाचायला द्या.

केदारनाथ 3583 मीटरवर आहे. पायी जाणारा माणूस गौरीकुंडाहून दिवसभर चढून तिथे पोचतो. तुम्ही काही मिनिटांत पोचलात. तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्या इंदुरातल्याइतकंच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. शरीर हे जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तेवढा वेळ न देता उंचावर मुक्काम केला की काही तासांनी डोकं दुखणं, मळमळ, उलटी, भूक मरणं, गरगरणं, झोप न लागणं सुरू होतं. यजमानांना झाला तो त्रास बहुधा हाच असावा. साधारण अडीच हजार मीटरच्या वर तो कुणालाही होऊ शकतो. व्यायामाने त्याला अटकाव होत नाही, मॅरेथॉन पळणाऱ्यालाही तो होतो. मात्र ज्याला एकदा झाला आहे, त्याला तितक्याच वेगाने तितक्याच उंचीवर गेल्यास पुन्हा होण्याची शक्यता जास्त. म्हणून "सोपा ते मध्यम" हे शब्द त्यांच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहेत. त्यांच्यासाठी विचारायचा प्रश्न एकच: कोणत्या रात्री किती मीटरवर झोपायचं?

डोंगरातले डॉक्टर असं सांगतात की 3000 मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. दिवसा वर चढून खाली झोपायला आलात तर हरकत नाही, मोजायची ती झोपायची उंची. डोकेदुखी सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. वाढली, चालताना तोल जायला लागला, बसल्याजागी धाप लागली, बोलणं भरकटलं, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण "उद्या शिखर आहे, एवढी रात्र काढू" असं म्हणणारं कुणी ना कुणी तुकडीत असतंच. त्याचं ऐकायचं नाही. जायच्या महिनाभर आधी यजमानांनी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन नेमकी उंची सांगावी. उंचावर सुरुवातीचे काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो. गोळी कोणत्या प्रकारची आहे यावरही बरंच अवलंबून असतं. नाडीची गती आवरणारी असेल तर नाडी मोजून श्रमांचा अंदाज घेणं फसवं ठरतं. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्स नावाची गोळी मिळते, ती कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घ्यायची नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं.

हे सगळं धरून केदारकंठा पाहू. ट्रेक सुरू होतो ते सांकरी गाव साधारण 1950 मीटरवर. पहिला मुक्काम बहुतेक आयोजक जुडा का तालाब इथे करतात, म्हणजे 2770 च्या आसपास. दुसरा बेस कॅम्पला, सुमारे 3400. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला अंधारात निघून 3810 मीटरच्या शिखरावर, आणि त्याच दिवशी परत खाली, बरेचदा पार 2700 च्या आसपासच्या मुक्कामापर्यंत.

अंतर बघाल तर रोज चार-सहा किलोमीटर. ते तुम्हाला काहीच नाही. वाटेत शिड्या नाहीत, वरचा टप्पा सोडला तर उभे कडेही फारसे नाहीत. आयोजकाने "सोपा ते मध्यम" लिहिलं ते इथपर्यंत बरोबरच आहे. पण पहिल्या ते दुसऱ्या मुक्कामात झोपायची उंची सहाशेहून जास्त मीटरने वाढते, सांगितलेल्या मर्यादेपेक्षा थोडी जास्तच. केदारनाथचा अनुभव असलेल्या यजमानांसाठी मला ते पटत नाही, निदान मध्ये एक मुक्काम वाढवल्याशिवाय तरी नाही. तुमच्यासाठी आकडा वेगळा आहे: शिखराच्या दिवशीचा उतार हजार-अकराशे मीटर, म्हणजे ज्या उताराने तुमचा जिना चार दिवस बंद केला त्यापेक्षाही जास्त. मऊ बर्फात टाच रोवून उतरणं गुडघ्यांना खरं तर सोयीचं पडतं, पण पहाटे शेकडो पावलांनी तुडवून गोठलेल्या बर्फावर बुटांना साखळीचे दाते बांधूनही पाय सटकतो. शिडीवरची तुमची भीती तिथे पुन्हा डोकं वर काढू शकते. त्यात डिसेंबरअखेरच्या रात्री पारा उणे दहाच्याही खाली जाऊ शकतो, तंबूत झोप अर्धवट होते, आणि नाताळच्या सुट्टीची गर्दी असते. कळसूबाईची रांग आठवा. काही बिघडलं तर सांकरीहून देहरादून मोटारीने आठ-दहा तासांवर आहे.

तेव्हा माझं स्पष्ट मत: या डिसेंबरात केदारकंठा नको. कायमचं नको असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये तिथे बर्फ बराच ओसरलेला असतो, दिवस मोठा असतो, गर्दी कमी असते. तोवर जिन्यांचा सराव सहा महिन्यांचा होईल. भिशीतल्या मैत्रिणींना तारीख बदलायला सांगायला संकोच वाटेल, मला कळतं. पण त्यांच्यातल्याही एखाद-दोघी मनातून घाबरलेल्या असतील आणि कुणीतरी आधी बोलायची वाट बघत असतील. तुकडीचा ट्रेक तुकडीतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या बाईच्या बेताचा निवडायचा असतो. त्यात कुणाचा अपमान नाही.

त्यांना रिकाम्या हातानेही पाठवू नका. डिसेंबरात सगळ्या मिळून पचमढीला जा. पिपरियाला उतरलं की पुढे घाटातला दीडेक तासाचा रस्ता. तीन दिवस राहा. एक दिवस धूपगड, साडेतेराशे मीटरचं सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथेही गाडी जाते, पण तुम्ही पायी जा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सोपं काहीतरी. तिसऱ्या दिवशी चौरागड. सलग दिवस चालण्याचा कस स्वतंत्र असतो, तो घरच्या सरावात कळत नाही. चौरागड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघे काय बोलतात, ते वहीत लिहून ठेवा. मग कुणाच्याही जाहिरातीतला शेरा वाचताना तुमच्याकडे स्वतःचं माप असेल: चौरागडच्या दीडपट, चौरागडच्या दुप्पट.

जूनमधल्या स्वित्झर्लंडला मात्र बिनधास्त हो म्हणा. तिथे या बाबतीत शिस्त आहे. टी-1 ते टी-6 ही श्रेणी स्विस आल्पाइन क्लबची आहे. जावयांना सांगा की ती वाटेचं अवघडपण मोजते. लांबी आणि दमणूक त्यात धरलेली नसते. वीस किलोमीटरची टी-1 वाट तुम्हाला थकवून टाकेल आणि दोन किलोमीटरची टी-3 वाट घाबरवून सोडेल. टी-1 म्हणजे रुंद, नीट बांधलेली वाट. टी-2 मध्ये वाट सलग असते, पण काही ठिकाणी उतार तीव्र असतो, पाऊल स्थिर हवं, पडण्याचा धोका अगदीच नाही असं म्हणता येत नाही. टी-3 मध्ये उघड्या कड्याशी दोर किंवा साखळ्या लागू शकतात, तोल सांभाळायला हातही टेकावे लागतात. तुम्ही तिथे जायचं नाही, निदान पहिल्या वर्षी. आणि एक खोच आहे: तिथल्या पिवळ्या पाट्या साध्या वाटांच्या, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा, पांढरा-निळा-पांढरा त्याहून अवघड वाटांचा. पण टी-2 आणि टी-3 दोन्हींना तोच लाल पट्टा असतो! तेव्हा जावयांनी रंग बघून ठरवायचं नाही, श्रेणीचा आकडा बघायचा.

पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास-मिनिटं असतात. सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर असा त्यांचा हिशेब आहे, विसावा न धरता. तुमचा वेग त्याहून बरा आहे, म्हणजे थांबे धरून दीडपट वेळ ठेवली तरी दुपारच्या आत परत याल. तिथली मला सगळ्यांत भावणारी सोय म्हणजे डोंगरावर जाणाऱ्या केबलकार आणि छोट्या गाड्या. आपण सहसा गाडीने वर जातो आणि चालत उतरतो. तुम्ही उलट करा, चालत चढा आणि गाडीने उतरा. दम तुमच्याकडे आहे, गुडघे जपायचे आहेत. सुरुवातीला मेन्लिखेन ते क्लायना शायडेक ही वाट घ्या: साडेचार किलोमीटर, दीड तास, समोर आयगरचा कडा, आणि सगळी वाट रुंद व अलगद उतरती. दोन्ही टोकांना खाली जायची सोय आहे. उंची जेमतेम सव्वादोन हजार मीटर, म्हणून यजमानांचीही काळजी नको. जूनच्या सुरुवातीला उंचावरच्या सावलीतल्या वाटांवर बर्फ उरलेला असतो, म्हणून शक्यतो महिन्याच्या उत्तरार्धात जा. प्रवासविमा घेताना डोंगरातली सुटका त्यात धरली आहे का, हेही बघून घ्या.

भिशीच्या मैत्रिणींना हिमालयच हवा असेल तर पुढच्या ऑगस्टमध्ये फुलांच्या घाटीचा विचार करा. घांगरिया साधारण 3050 मीटरवर, मुक्काम पक्क्या खोल्यांत, वाट बांधलेली, खेचरं मिळतात. तिथे एक गोष्ट डोळ्यांनी बघायला मिळते. घांगरियाहून एका दिवशी फुलांच्या घाटीत जायचं, ते सुखाचं चालणं. दुसऱ्या दिवशी त्याच गावातून हेमकुंडला, सहा किलोमीटरमध्ये बाराशे-तेराशे मीटरचा चढ, 4300 च्या पुढे. दोन्ही दिवस एकाच सहलीत आणि जाहिरातीत दोन्हींवर मिळून एकच शब्द! यजमानांनी हेमकुंडचा दिवस सोडून घाटीतच दुसऱ्यांदा जावं. मी तिथे दोनदा गेले आहे आणि दुसऱ्या दिवशीही ती घाटी वेगळी दिसते.

यापुढे कुठल्याही आयोजकाला आगाऊ रक्कम भरण्याआधी फोन करा. सगळ्यांत लांब दिवस किती तासांचा आणि त्या दिवशी उतार किती मीटरचा, कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, शिडी, कातळ किंवा दरीच्या कडेची वाट कुठे आणि किती मिनिटांची, सॅक कोण वाहणार, मध्येच परतायची वेळ आली तर मोटाररस्ता किती तासांवर, आणि बरोबरच्या माणसाला उंचीचा त्रास ओळखता येतो का, हे विचारा. चांगला आयोजक आकडे सांगतो, आणि उलट तुम्हालाच वय, औषधं, आधीचा अनुभव विचारतो. "अहो काकू, काही काळजी करू नका, सगळे जातात," एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा.

भाच्यावर रागावू नका. त्याला हे पत्र वाचून दाखवा, आणि पुढच्या हिवाळ्यात, कोरड्या दिवसात, आठवड्याच्या मधल्या वारी, त्याच्याबरोबर पुन्हा कळसूबाईला जा. रांग नसेल तेव्हा शिडीपाशी हवा तेवढा वेळ थांबता येतं. वर जावंसं वाटलं नाही तर शिडीखाली बसून डबा खा. आणि डिसेंबरात पचमढीहून आल्यावर मला दोन ओळी लिहा: चौरागड उतरायला किती वेळ लागला, आणि दुसऱ्या सकाळी गुडघे कसे होते.

– तुमची ताई

(औषधं आणि प्रकृतीबद्दल वर जे लिहिलं आहे ते डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावं.)